ऑनसाइट व्हाया कॅम्प नं. ३

ऑनसाइट म्हणजे न्यू जर्सी. फार तर लंडन. आमच्या ऑफिसात हा अलिखित नियमच आहे. त्यामुळे माझी ऑनसाइट लागली आणि मी ‘घाना’ म्हटलं, तेव्हा आमची अख्खी रांग दोन सेकंद गप्प. मग, “अगं, सेफ आहे ना?” आक्राच्या उत्तरेला कोफोरिडुआ नावाचं छोटं शहर आहे, तिथे अडीच महिने. आईने पेपरमधून डोकं वर न काढता एकच विचारलं, “तिकडे खातात काय?”

नेटवर याची तीनशे उत्तरं मिळाली. कामाचं उत्तर मिळालं ते उल्हासनगर कॅम्प नंबर तीनला.

टीममधल्या सिंधी मित्राचे काका बावीस वर्षं तिकडे होते. आता उल्हासनगर म्हटलं की आपल्याला आठवतात त्या दोनच गोष्टी: स्वस्त जीन्स आणि ‘मेड इन यूएसए’चा तो शिळा जोक. पत्ता मिळाला तो बॅरेक नंबर, रूम नंबर असा. स्टेशनवरून शेअर रिक्षाने पोचले तर समोर पाचमजली बिल्डिंग. बॅरेक कधीच पडली, नंबर तेवढा उरलाय! दुसऱ्या महायुद्धातली ही लष्करी छावणी. फाळणीनंतर सिंधमधून आलेल्यांना इथे खोल्या मिळाल्या आणि १९४९ मध्ये उल्हासनगर हे नाव.

आंटींनी पाणी आणलं, सोबत भाजलेला पापड. सिंधी घरात पाणी एकटं येत नाही.

अंकल १९७६ मध्ये गेले. सिंधी व्यापारी १८९०च्या दशकातच पश्चिम आफ्रिकेत, फ्रीटाऊनला पोचले होते. पुढे त्यांच्यासारख्याच एका पेढीने अंकलना कॅम्पातून उचललं. तिकीट पेढीचं, राहणं-जेवण पेढीचं, काँट्रॅक्ट तीन वर्षांचं. मध्ये सुट्टी नाही. वडील गेल्याची तार त्यांना आठ दिवसांनी मिळाली. हे त्यांनी पापड मोडता मोडता सांगितलं, आणि लगेच, “बेटा, लिख ले.”

मी लिहून घेतलं. दुकानात शिरल्या शिरल्या भाव विचारायचा नाही, आधी ‘माआची’ म्हणजे गुड मॉर्निंग. घरचं कसं काय, ते विचारायचं. मग काम. देणं-घेणं उजव्या हातानेच (हे आपल्याला आजीने शिकवलेलंच आहे). गुरुवारी मण्यांचा बाजार भरतो, तिथे क्रोबो लोकांनी जुन्या बाटल्यांची काच कुटून, भट्टीत भाजून बनवलेले मणी बघायचे. आणि जन्मवार पाठ करून जायचं, कारण तिकडे वारावरून नाव पडतं. बुधवारचे अंकल म्हणजे क्वाकू. मी गुरुवारची, म्हणून माझं नाव ‘या’. कोणीही हाक मारली की आपण निघालोच!

“आणि जेवण?”

अंकल थोडा वेळ बोललेच नाहीत. मग १९८३ वर आले. त्या जानेवारीत नायजेरियाने परदेशी कामगारांना हाकललं, सुमारे दहा लाख घानावासी एकदम घरी परतले. त्यात दुष्काळ, त्यात वणवे. पेढीच्या गोदामात विकायला काही नाही. मक्याचं आंबवलेलं पीठ पानात गुंडाळून उकडतात, ते केंके, त्यासाठीही रांगा. माणसांची गळ्याजवळची हाडं वर आली. लोकांनी त्यालाही नाव ठेवलं, ‘रॉलिंग्ज चेन’, राष्ट्रप्रमुख रॉलिंग्जच्या नावाने.

तिकडची रीत अशी की जेवत असताना कोणी समोर आलं की म्हणायचं, ‘यू आर इन्व्हायटेड.’ एरवी ही नुसती म्हणायची गोष्ट. आपणही ‘जेवून जा ना’ म्हणतो, समोरचा थोडाच बसतो! पण त्या वर्षी शेजारच्या शिंपिणीने एका केंकेवर पाच पोरं बसवली होती, आणि दारावरून जाणाऱ्या अंकलना म्हणाली, यू आर इन्व्हायटेड.

“मग बसलात?”

“बैठ गया,” अंकल म्हणाले. “दो दिन से कुछ नहीं खाया था.”

१९९८ मध्ये परत आले, तर कॅम्पात त्यांना कोणी ओळखेना. नाक्यावरचा पानवाला विचारायचा, नवीन भाडेकरू का? “वहाँ सब पहचानते थे, मेहमान तो मैं यहाँ हूँ.”

“बाईस साल यहाँ मैं थी,” आंटी किचनमधूनच म्हणाल्या. अंकल गप्प झाले. पण आंटी चिडलेल्या नव्हत्या, कारण थोड्या वेळाने दाल-पकवान घेऊन त्याच बाहेर आल्या. मी नको-नको केलं.

“बस ना,” आंटी म्हणाल्या. मी बसले.

निघताना अंकल खालपर्यंत सोडायला आले. परत येताना शितोची एक बाटली आणायची आहे. शितो म्हणजे सुक्या मासळीची, मिरचीची काळी चटणी. बॅगेत फुटू नये म्हणून दोन प्लॅस्टिकच्या पिशव्या त्यांनी आत्ताच माझ्या हातात कोंबल्यात. उजव्या.