हिवऱ्याची बाग आणि आपला हिशेब

जुन्नर तालुक्यातल्या हिवरे गावी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर सरकारी वनस्पती-उद्यान होते. दापोडीच्या बागेची ती शाखा. औषधी वनस्पतींची लागवड हे तिचे मुख्य काम. दोन्ही बागा डॉ. अलेक्झांडर गिब्सन या स्कॉटिश शल्यवैद्याच्या देखरेखीखाली होत्या. १८४७ मध्ये तेच मुंबई इलाख्याचे पहिले वनसंरक्षक झाले. जंगल म्हणजे जहाजांचे लाकूड आणि तिजोरीचा महसूल, असे मानण्याचा तो काळ. गिब्सन मात्र सरकारला सांगत राहिले की डोंगर उघडे पडले की खालचे झरे-ओढे आटतात, हवामानही बिघडते. झाडाचे मोल त्याच्या लाकडात मावत नाही, हा मुद्दा मांडणारा माणूस आपल्याच मुलखात वावरला होता.

नगररचनेच्या आपल्या व्यवसायाने तो मुद्दा अजून हिशेबात घेतलेला नाही. रस्ता रुंद करायचा ठरला की झाडाच्या खोडावर नंबर पडतो, घेर मोजला जातो, लाकडाचे घनमीटर निघतात आणि लिलाव होतो. पुणे-नाशिक महामार्ग रुंद होताना कितीतरी जुनी झाडे याच वाटेने गेली. त्यांच्या सावलीची किंमत कोणत्याही रकान्यात नव्हती.

मोल ठरवण्याचे प्रयत्न झालेले नाहीत असे नाही. पश्चिम बंगालमध्ये रेल्वे उड्डाणपुलांसाठी ३५६ झाडे तोडण्याच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने तज्ज्ञ समिती नेमली. समितीने २०२१ मध्ये एका झाडाचे मोल वर्षाला ७४,५०० रुपये धरले. झाडाला पैशांत मांडून न्यायालयापुढे उभे केले, हे मोठेच काम झाले. पण त्यातले ४५,००० रुपये एकट्या प्राणवायूचे आहेत. आपल्या गावांत प्राणवायूची टंचाई नाही. टंचाई आहे ती सावलीची, मुरणाऱ्या पाण्याची आणि पाखरांच्या आसऱ्याची. म्हणून हा आकडा जसाच्या तसा न उचलता आपण आपला हिशेब मांडला पाहिजे.

तो कसा मांडायचा, हे जुन्नर-आंबेगावइतके स्पष्ट फार थोड्या ठिकाणी दिसते. पश्चिमेला भीमाशंकर-आहुप्याच्या कड्यावर धो धो पाऊस, पूर्वेला अणे पठारावर पाण्याची वणवण. मधल्या पट्ट्यात कुकडीकाठचे जुन्नर, मीनेकाठचे नारायणगाव, घोडनदीकाठचे घोडेगाव आणि महामार्गावरचे मंचर झपाट्याने काँक्रीटची होत आहेत. मोंढ्यात टोमॅटोच्या क्रेटशेजारी दिवसभर उभ्या असलेल्या हमालाला, एसटीची वाट पाहणाऱ्या आजीबाईंना उन्हाळ्याची वाढती धग सर्वांत आधी लागते. डेरेदार झाड तिथे दोन कामे करते. डांबर तापू देत नाही आणि पानांवाटे पाण्याची वाफ सोडून भोवतालची हवा निववते. पावसाची मोठी सर आली की मुळांभोवतीची मोकळी माती पाणी पिते आणि गटारावरचा भार हलका होतो. खोडाला चिकटून पेव्हर ब्लॉक बसवले की झाड हिरवे दिसते, पण पाणी मुरवण्याचे काम थांबते.

जैवविविधतेचा रकाना वेगळा भरावा लागेल. गुलमोहराची रांग आणि एक जुना उंबर यांची संख्येने तुलना होत नाही. वड, पिंपळ, उंबर यांची फळे इतर झाडे रिकामी असतानाही वटवाघळांना, हरियलांना, धनेशांना जगवतात. रोपे निवडण्यासाठी लांब जायला नको. माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक यांनी १९७०च्या दशकात अभ्यासलेल्या सह्याद्रीतल्या देवराया याच मुलखाच्या डोक्यावर आहेत. गावकऱ्यांच्या संमतीने तिथले बी आणून नगरपरिषदेच्या रोपवाटिकेत रुजवता येते.

इथे बिबट्याचा प्रश्न टाळून चालणार नाही. उसाच्या फडात वाढलेला बिबट्या जुन्नर वनविभागात रोजच्या भीतीचा विषय आहे आणि घराजवळ झाडी नको, असे म्हणणाऱ्या आईचे म्हणणे खोटे नाही. त्यावर उत्तर आराखड्यातच द्यावे लागते. वर उंच डेरे आणि खाली माणसाची नजर आरपार जाईल अशी मोकळीक, वाटेवर दिवे, कचऱ्याचे ढीग आणि मोकाट कुत्री यांचा बंदोबस्त. भक्ष्य आणि आडोसा हटला तर झाड हटवण्याची गरज उरत नाही.

कायद्याचा आधार अर्धवट आहे. नागरी क्षेत्रांसाठी १९७५चा वृक्ष संरक्षण कायदा आहे. २०२१च्या दुरुस्तीने पन्नास वर्षांवरचे झाड ‘वारसा वृक्ष’ ठरले आणि तोडलेल्या झाडाच्या वयाइतकी रोपे लावण्याचे बंधन आले. पण नारायणगावसारखी गावे ग्रामपंचायतीच्या कारभारातच शहर झाली. तिथे लागू होणारा १९६४चा कायदा साग, खैर, चंदन, आंबा अशा लाकडा-फळाच्या मोलाच्या झाडांभोवती आखलेला आहे. आणि जिथे वारसा वृक्षाचा नियम आहे तिथेही साठ वर्षांच्या वडाची सावली साठ रोपे उद्या देत नाहीत.

म्हणून आमचा आग्रह असा आहे. विकास आराखड्याची पहिली रेघ ओढण्याआधी उभी झाडे, आमराया, पार आणि नदीकाठचा पट्टा नकाशावर यावा. वृक्षगणनेत घेरासोबत डेऱ्याचा विस्तार, मुळाशी मोकळी माती आणि आश्रयाला येणारे पक्षी नोंदवावेत. ग्रामपंचायतींनी ग्रामसभेच्या ठरावाने आपली जुनी झाडे जाहीर करावीत. त्यासाठी नवा कायदा येण्याची वाट पाहू नये.

हिवरे, पिंपळवंडी, आंबेगाव ही गावे नावातच झाडे वागवतात. मूळ आंबेगाव तर डिंभे धरणाच्या पाण्याखाली गेले, नाव तेवढे तालुक्याला उरले. इतर गावांवर ती पाळी येऊ नये. रुंदीकरणाची पुढची फाईल टेबलावर येईल तेव्हा टेप घेऊन जरूर जा; पण एप्रिलच्या दुपारी दोन वाजता जा आणि खोडाच्या घेराबरोबर सावलीचाही घेर मोजा. सावलीत त्या वेळी किती माणसे उभी आहेत, तेही त्याच कागदावर लिहा.

— संपादक