मुकुट दुरुस्त करू नका : स्पॅनिश लष्करी पदकांविषयी

मागच्या आठवड्यात मी एका वाचकाला चुकीचा सल्ला दिला. त्याने तो लगेच अमलात आणला नाही, हे माझे सुदैव. चूक जाहीरपणे झाली होती, म्हणून तिची कबुलीही जाहीरच द्यावी, आणि त्यानिमित्ताने स्पेनच्या लष्करी पदकांविषयी थोडे सविस्तर लिहावे, असा विचार केला.

हे वाचक नोकरीनिमित्त माद्रिदला असतात. तेथील प्लाझा मायोर या चौकात दर रविवारी जुनी नाणी आणि टपाल तिकिटे विकणारे बसतात. त्यांच्याकडून त्यांनी दोन पदके घेतली आणि मला छायाचित्रे पाठविली. पहिले पदक सोनेरी, पांढऱ्या मीनाकामाचे, क्रॉसच्या आकाराचे. मध्यभागी घोड्यावर बसलेला एक संत. दुसरे रुपेरी आणि अगदी साधे. त्या दुसऱ्या पदकाबरोबर विक्रेत्याने एक घडी घातलेला जीर्ण कागद फुकट दिला होता.

पहिल्या पदकाचा मुकुट बाकीच्या सोन्याहून किंचित फिकट होता आणि त्याच्या बुडाशी डाख दिल्याची खूण स्पष्ट दिसत होती. मी रुबाबात उत्तर दिले : मुकुट मूळचा नाही, एखाद्या जाणत्या सोनाराकडून पूर्वीसारखा राजमुकुट बसवून घ्या. विक्रेत्यानेही त्यांना तेच सुचविले होते. मुकुट मूळचा नाही हे माझे निदान बरोबर होते. त्यावरचा उपाय मात्र घातक होता.

ते का, हे समजण्यासाठी प्रथम एक घोळ दूर करू. स्पेनच्या संदर्भात ‘ऑर्डर’ या शब्दाने दोन अगदी वेगळ्या गोष्टींचा बोध होतो. एक, मध्ययुगातील लष्करी धर्मसंघ : कालात्रावा, सांतियागो, अल्कांतारा आणि मोंतेसा. यांतले पहिले तीन बाराव्या शतकातले, मोंतेसा १३१७ चा. शपथ घेतलेले योद्धे, त्यांचे किल्ले, त्यांच्या जमिनी असा तो पसारा. पुढे त्यांचे रूपांतर कुलीनतेच्या बिरुदात झाले. वेलास्केस या चित्रकाराने ‘लास मेनिनास’ हे चित्र १६५६ मध्ये रंगविले. त्यात त्याच्या स्वतःच्या छातीवर सांतियागोचा लाल क्रॉस दिसतो. पण त्या संघात त्याला प्रवेश मिळाला १६५९ मध्ये. म्हणजे तो क्रॉस चित्र पूर्ण झाल्यावर मागाहून रंगविलेला आहे. ही गोष्ट लक्षात असू द्या, पुढे लागेल.

दुसरा अर्थ म्हणजे एकोणिसाव्या शतकापासूनची आधुनिक सन्मानचिन्हे, आणि संग्राहकांच्या हाती प्रामुख्याने येतात ती हीच. यांतले सर्वांत मानाचे सान फेर्नांदो, आणि त्याचा जन्मच मोठा विलक्षण आहे. १८११ साली राजा सातवा फेर्नांदो नेपोलियनच्या कैदेत फ्रान्समध्ये होता, आणि फ्रेंच वेढ्यात सापडलेल्या कादिझ शहरात स्पेनची लोकप्रतिनिधींची सभा भरत होती. त्या सभेने ३१ ऑगस्ट रोजी शौर्यासाठी ‘राष्ट्रीय’ सन्मान निर्माण केला. तो सेनापतीला मिळू शके, तसाच साध्या शिपायालाही. आणि देण्यापूर्वी बाजूचे व विरुद्ध असे दोन्ही पुरावे तपासणारी चौकशी होई. १८१४ मध्ये राजा परतला. त्याने सभेची राज्यघटना मोडीत काढली, पण सन्मान मोडला नाही. तो ‘राजकीय’ करून स्वतःच्या नावे केला. राष्ट्राची वस्तू राजाची झाली. त्याच १८१४ च्या नोव्हेंबरात त्याने दुसरा सन्मान काढला, सान एर्मेनेखिल्दो. हा शौर्याचा नव्हे, तर अधिकाऱ्याच्या दीर्घ आणि निष्कलंक सेवेचा. आपल्या वाचकांच्या पदकावरचा घोडेस्वार संत तो हाच.

आता मुकुटाकडे येऊ. स्पॅनिश पदकाचा काळ ओळखायचा तर आधी मुकुट पाहावा, हा जुन्या संग्राहकांचा पहिला धडा. १८६८ च्या क्रांतीने राणी इसाबेलला देश सोडावा लागला. राणीच नाही, तर राजचिन्हावर मुकुट कोणता ठेवायचा, असा प्रश्न हंगामी सरकारपुढे पडला, आणि त्याने तो रॉयल अकॅडमी ऑफ हिस्टरीकडे सोपविला. इतिहासकारांनी सुचविला तटाचा मुकुट : किल्ल्याच्या भिंतीसारखा, बुरुजांचा, कोणत्याही राजाच्या मस्तकावर न बसणारा. (इतिहासाच्या विद्यार्थ्याला सरकारने काही विचारावे, ही कल्पनाच मला अजून सुखावते.)

तेव्हापासून मुकुट सत्तेबरोबर फिरत राहिला. १८७१ ते १८७३ आमादेओ हा इटालियन राजपुत्र गादीवर होता : राजमुकुट परत. १८७३ मध्ये पहिले प्रजासत्ताक : तटमुकुट. १८७५ पासून बूर्बों घराणे पुन्हा, म्हणून पुन्हा राजमुकुट. १९३१ मध्ये दुसरे प्रजासत्ताक, पुन्हा तटमुकुट. १९३८ मध्ये फ्रँकोने नवे राजचिन्ह आणले. त्यावर मुकुट होता, पण वरच्या कमानी नसलेला, उघडा. १९७५ नंतर राजेशाही परतली तशा कमानीही परतल्या. नवशिके सर्वाधिक फसतात ते फ्रँकोच्या उघड्या मुकुटापाशी. मुकुट दिसला की ते राजेशाहीचा काळ धरतात, आणि त्या मुकुटाखाली तेव्हा राजाच नव्हता.

मुकुटानंतर ढालीच्या मध्यावरची छोटी ढाल पाहावी. तीन लिलीची फुले असली तर बूर्बों, लाल पार्श्वभूमीवर पांढरा क्रॉस असला तर आमादेओ, काहीच नसेल तर बहुधा राजा नसलेला काळ. हे नियम उपयोगी असले तरी निरपवाद नाहीत. स्पेनमध्ये सन्मान सरकार देई. पण अंगावर मिरवायचे पदक बहुधा ज्याचे त्याने सराफाकडून विकत घ्यायचे असे. माद्रिदचा कारागीर वेगळे घडवी, बार्सिलोनाचा वेगळे, पॅरिसचा आणखी नाजूक. दुकानात जुना साठा पडून असे. त्यामुळे ‘हे नमुन्याबरहुकूम नाही’ एवढ्यावरून पदकाला बनावट ठरवू नये.

नाव ओळखायला मात्र पदकच नकळे. काळजाजवळ जपलेली पहिल्या महायुद्धातील ब्रिटिश पदके आपल्याकडच्या अनेक लष्करी घराण्यांत आहेत. त्यांच्या कडेवर शिपायाचा क्रमांक, नाव आणि पलटण उमटविलेली असते. स्पॅनिश पदकाची कड सहसा कोरी. ते कोणाचे होते हे केवळ त्याच्याबरोबरचा कागद सांगतो. म्हणून बाजारात पदक आणि कागद वेगळे झाले की एक माणूस कायमचा हरवतो.

आता वाचकांच्या त्या सोनेरी पदकाकडे. १४ एप्रिल १९३१ रोजी प्रजासत्ताक जाहीर झाले. युद्धमंत्री आसान्या याने त्याच महिन्यात लष्करी अधिकाऱ्यांपुढे दोन वाटा ठेवल्या : प्रजासत्ताकाशी निष्ठेचे वचन द्या, नाहीतर पूर्ण वेतनावर निवृत्त व्हा. सान एर्मेनेखिल्दो हा सन्मान नव्या राजवटीने चालू ठेवला, पण तटमुकुटासह. वीस-पंचवीस वर्षे नोकरी करून मिळविलेले पदक राजमुकुटाचे असेल, तर अधिकाऱ्याने काय करावे? नवे घेणे खर्चाचे. सोनाराकडे जाऊन मुकुट तेवढा बदलून घेणे स्वस्त. असे बदललेले नमुने मिळतात, आणि छायाचित्रातला फिकट मुकुट बुरुजांचा आहे, हे मी घाईत पाहिलेच नव्हते. मला दिसला फक्त डाख.

कोणी तो बदल श्रद्धेने केला असेल, कोणी धास्तीने, कोणी केवळ वरिष्ठांना दिसावा म्हणून. हेतू धातूवर उमटत नाही. पण राजाची शपथ घेतलेल्या एका माणसाने १९३१ नंतर काय केले, याची ती डाखाची रेघ ही प्रत्यक्ष खूण आहे. तिथे नवा चकचकीत राजमुकुट बसविला असता तर पदक ‘सुबक’ झाले असते, आणि त्यातली इतिहासाची ती एकमेव ओळ पुसली गेली असती. वेलास्केसच्या छातीवरचा क्रॉस मागाहून रंगविला म्हणून तो खरवडून चित्र ‘मूळ’ स्थितीत आणा, असे कोणी म्हणेल काय?

यावर एक रास्त आक्षेप आहे. प्रजासत्ताकाचा काळ थोडा, त्याची पदके कमी, म्हणून भाव अधिक. तेव्हा लबाड विक्रेतेही साध्या पदकाला तटमुकुट चिकटवू शकतात. खरे आहे. म्हणूनच तर हात लावायचा नाही. डाखाच्या खाचेत साचलेला मळ, मुकुट आणि क्रॉस यांची झीज सारखी आहे की नाही, मीनाकामाला उष्णतेने गेलेले तडे जुने की ताजे, हे सारे तपासायला ती जागा जशी आहे तशीच हवी. पॉलिश केले किंवा मुकुट काढला की संशयही सिद्ध करता येत नाही आणि विश्वासही.

यादवी युद्धाने तर हा गुंता दोन्ही बाजूंनी वाढविला. १९३७ मध्ये प्रजासत्ताकाने ‘माद्रिदची लॉरेल’ हे स्वतःचे सर्वोच्च शौर्यपदक काढले. माद्रिदचा बचाव करणारे मियाखा आणि रोखो हे त्याचे मानकरी. पलीकडे फ्रँकोने सान फेर्नांदो चालू ठेवले आणि १९ मे १९३९ च्या विजयसंचलनात त्याचा लॉरेलवेष्टित क्रॉस स्वतःच्याच छातीवर लावून घेतला. लावणारा जनरल बारेला. त्याने तो मान मोरोक्कोच्या युद्धात दोनदा मिळविला होता. आणि याच युद्धाच्या नावे विकला जाणारा ‘स्पॅनिश क्रॉस’ मुळी स्पेनचा नाहीच. तो १९३९ मध्ये हिटलरच्या जर्मनीने काँडर लीजनसारख्या आपल्या लोकांना दिला. नावाला भुलून तो स्पॅनिश संग्रहात ठेवलेला मी अनेकदा पाहिला आहे.

राहिले ते रुपेरी पदक. वाचकांनी त्याचा उल्लेखही ओझरताच केला होता. ते १८६४ मध्ये सुरू झालेल्या मेरितो मिलितारचे, साध्या शिपायांना मिळणारे. लाल रंग युद्धातील कामगिरीचा, पांढरा शांततेतील. बाजारात अशी ढिगाने मिळतात. पण तो फुकटचा कागद म्हणजे पदक दिल्याचे पत्र होते : क्युबातील युद्ध, १८९७, आणि मासिक ७.५० पेसेता निवृत्तिवेतन. त्या काळी समुद्रापार जाणे टाळायचे असेल तर सरकारला २,००० पेसेता भरून सुटका करून घेता येई. ज्यांच्याकडे ते नव्हते, ते क्युबाला गेले. वर्षाला ९० पेसेता या हिशेबाने शौर्याच्या मोबदल्यातून ती रक्कम जमायला बावीस वर्षे लागली असती. माझ्या मते त्या रविवारच्या खरेदीतली सर्वांत मोलाची वस्तू हा कागद होता.

परवा वाचकांचे उत्तर आले. सोनेरी पदक आहे तसेच डबीत परत गेले आहे. कागद त्यांनी आम्लरहित पाकिटात ठेवला असून त्यावरचे नाव आणि पलटण घेऊन ते सेगोवियाच्या लष्करी अभिलेखागाराला पत्र लिहीत आहेत. शिपायाचा माग लागला तर त्यांच्या परवानगीने पुढचा धागा त्याच्यावर लिहीन.