ज्याचा रकाना नाही, त्याची दाद नाही

जागतिक कंपन्यांत 'माहितीचे धोरणात्मक व्यवस्थापन' हा शब्द मोठ्या थाटात वापरला जातो. त्याचा साधा अर्थ असा की, कंपनीला काय साधायचे ते आधी ठरवायचे आणि त्याला लागेल ती माहिती गोळा करून वरिष्ठांपुढे ठेवायची. म्हणजे कोणती माहिती गोळा करायची नाही, हेही कोणीतरी ठरवतच असते. आपला प्रश्न इथे सुरू होतो.

पुणे, बंगळुरू आणि कॅलिफोर्नियातल्या कर्मचाऱ्यांची नोंद आज अनेक कंपन्यांत एकाच एचआर सिस्टीममध्ये होते. तिचे रकाने मुख्यालयात ठरतात. अमेरिकेतला कायदा शंभर किंवा जास्त कर्मचारी असलेल्या खाजगी कंपन्यांकडून वंश आणि लिंगानुसार वार्षिक हिशेब कित्येक दशके मागत आला आहे. म्हणून ते रकाने आले. जातीचा हिशेब कोणी मागितला नाही, म्हणून जातीचा रकाना आला नाही.

भारतात तरी वेगळे काय? सेबीने सर्वांत मोठ्या एक हजार लिस्टेड कंपन्यांना २०२२-२३ पासून 'बीआरएसआर' हा अहवाल सक्तीचा केला. स्त्रिया किती, अपंग किती, भेदभावाच्या तक्रारी किती, हे त्यात सांगावे लागते. त्यांतल्या जातीच्या तक्रारी किती, हे वेगळे विचारलेले नाही.

रकाना नसला की काय होते, ते सिस्को प्रकरणात दिसले. जून २०२० मध्ये कॅलिफोर्निया राज्याने या कंपनीवर खटला भरला. सवर्ण वरिष्ठांनी एका दलित इंजिनिअरला जातीवरून डावलले. त्याने तक्रार केली तेव्हा 'जातीवरून भेदभाव बेकायदेशीर नाही' अशी भूमिका एचआरने घेतली, असा राज्याचा आरोप. कंपनीने आरोप नाकारले. २०२३ मध्ये राज्याने दोन वरिष्ठांवरचा दावा मागे घेतला, कंपनीवरचा कायम ठेवला. कोर्टात काहीही ठरो, ज्या सिस्टीममध्ये 'जात' हा तक्रारीचा प्रकारच नाही, तिथे तक्रार 'सहकाऱ्यांशी पटत नाही' या खात्यात जाते. आणि वर्षअखेरीस साहेब छाती ठोकून सांगतात, "आमच्याकडे जातीची एकही तक्रार नाही!"

ही युक्ती जुनी आहे. १९३२ मध्ये लोथियन समितीपुढे काही प्रांतांतल्या सवर्ण पुढाऱ्यांनी आपल्याकडे अस्पृश्य नाहीतच, असा पवित्रा घेतला. कारण उघड होते. प्रतिनिधित्व लोकसंख्येवर ठरणार होते. बाबासाहेबांनी हा डाव आकड्यांसह उघडा पाडला. आधी मोजणी नाकारायची, मग अस्तित्व नाकारायचे, शेवटी वाटा नाकारायचा. तेव्हा जनगणनेचा तक्ता होता, आज सर्व्हर आहे.

"आम्ही जात पाहत नाही, फक्त मेरिट पाहतो," हे उत्तर ठरलेले. सुखदेव थोरात आणि पॉल अ‍ॅटवेल यांनी २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात खाजगी कंपन्यांकडे सारख्या पात्रतेचे अर्ज पाठवले गेले. फरक होता नावाचा. दलित नावाच्या उमेदवारांना बोलावणे येण्याची शक्यता कमी निघाली. आता हीच चाळणी सॉफ्टवेअरच्या हाती जाते आहे. अ‍ॅमेझॉनचे अर्ज निवडणारे प्रायोगिक सॉफ्टवेअर जुन्या अर्जांवरून शिकले आणि स्त्रियांचे अर्ज मागे टाकू लागले, हे २०१८ मध्ये उघड झाले. तिथे स्त्री-पुरुष तुलना करता आली म्हणून चूक सापडली. जातीची तुलना करायला आकडेच नसतील तर चूक कोण पकडणार?

आपल्यातल्याच अनेकांची भीती मात्र खरी आहे. जात सांगितली तर टीममध्ये जगणे अवघड होईल. ही भीती झटकून चालणार नाही. २०१९ च्या डेटा संरक्षण विधेयकात जात ही 'संवेदनशील' माहिती होती. २०२३ च्या कायद्यात तो वर्गच उरला नाही. म्हणून संरक्षणाची हमी कंपनीकडूनच लेखी घ्यावी लागेल. आणि ते अशक्य नाही. शेजारच्या टेबलावरच्याला आपला पगार दिसत नाही, तशी सोय सिस्टीममध्ये असतेच. तीच जातीच्या माहितीला लावा.

मग मागायचे काय? एक, तक्रारीच्या यादीत 'जात' हा स्वतंत्र प्रकार. दोन, ऐच्छिक नोंद, जी मॅनेजरला दिसणार नाही आणि जिची फक्त एकूण बेरीज जाहीर होईल: भरती किती, बढती किती, नोकरी सोडून गेले किती. तीन, भरतीच्या सॉफ्टवेअरची जातीच्या अंगाने बाहेरच्या तज्ज्ञांकडून तपासणी. चार, बीआरएसआरमध्ये जातीच्या तक्रारींचा वेगळा आकडा.

अ‍ॅपलने आपल्या नियमांत 'जात' हा शब्द घातला. फेब्रुवारी २०२३ मध्ये सिएटल शहराने जातीवरून भेदभावाला कायद्याने बंदी केली. हे मोलाचे आहेच. पण नियमातला शब्द नोंदीत उतरला नाही तर तो भिंतीवरच्या सुविचारासारखा राहतो.

आज आपली हजारो मुले-मुली या सिस्टीम स्वतः बांधतात, चालवतात. डेटाबेसमध्ये एक रकाना वाढवायला किती वेळ लागतो, हे त्यांना कोणी शिकवायला नको. अडचण तंत्राची नाही, इच्छेची आहे. ती इच्छा संघटित मागणीशिवाय निर्माण होणार नाही. शिकलो आहोत, आता संघटित होऊन हिशेब मागू.

जय भीम!