गाजर गवताचे खरे खत : मोकळे ऊन

पावसाळा सुरू झाला की आमच्या बाह्यरुग्ण विभागात ठरावीक तक्रारी घेऊन रुग्ण येऊ लागतात. पापण्या सुजलेल्या, मानेची आणि कोपराच्या घडीची त्वचा काळवंडून जाड झालेली, खाजेमुळे रात्रभर झोप नाही. बहुतेक जण शेतकरी, नाहीतर सफाई कामगार. दुखण्याचे मूळ अनेकदा बांधावर उभे असते : गाजर गवत. त्यातील पार्थेनिन या द्रव्याची अॅलर्जी एकदा जडली की सहजासहजी पाठ सोडत नाही.

मूळच्या अमेरिका खंडातल्या या तणाची पुण्यात १९५०च्या दशकात नोंद झाली. आज ते देशभर आहे. दरवर्षी १६ ते २२ ऑगस्टदरम्यान त्याच्या निर्मूलनाचा जागरूकता सप्ताह पाळला जातो. गवत उपटले जाते, छायाचित्रे निघतात आणि काही आठवड्यांत तिथेच नवी रोपे डोके काढतात. असे का होते, याचे बरेचसे उत्तर उन्हात आहे.

प्रत्येक पान प्रकाशावर अन्न तयार करते आणि श्वसनात त्यातले काही खर्चही करते. गाजर गवत, रानमोडी यांसारखी तणे उधळी. त्यांचा रोजचा खर्च मोठा, पण भर उन्हात कमाईही मोठी. याउलट सह्याद्रीतल्या अंजनीसारख्या झाडांची रोपे काटकसरी. दाट जंगलात जमिनीपर्यंत जेमतेम एक-दोन टक्के प्रकाश पोहोचतो, तेवढ्यात ती भागवतात. प्रकाश वाढला तरी त्यांची कमाई एका मर्यादेपुढे वाढत नाही. फार कडक ऊन तर पानांना बाधते.

म्हणजे सावलीत देशी रोप टिकते आणि तण उपाशी राहते. झाडे तोडून, रस्ता रुंद करून किंवा अतिचराईने जमीन उघडी पडली की पारडे फिरते. अर्थात सगळ्या देशी वनस्पती सावलीतल्या नाहीत. मारवेल, पवन्या ही आपली गवते उन्हातलीच; पण ती खुरट्या चराईने संपली की त्यांची जागा गाजर गवत घेते.

म्हणूनच नुसते उपटणे हा अर्धाच उपचार. गाजर गवताचे एक झाड हजारो बिया टाकते. उपटल्यावर उघडी पडलेली माती म्हणजे जमिनीतल्या बियांना दिलेले आमंत्रणच. तिथे लगेच टाकळा किंवा मारवेलसारखे दाट वाढणारे काही पेरले, तर कोवळ्या तणाला ऊन मिळत नाही. मोहिमांच्या खर्चात या पेरणीची तरतूद हवी.

उपटायचे ते फुलोऱ्याआधी, पूर्ण बाह्यांचे कपडे आणि हातमोजे घालून. ज्यांना आधीच त्रास आहे, त्यांनी या कामापासून दूरच राहावे. सफाई कामगाराला उघड्या हातांनी हे गवत उपटायला लावणे म्हणजे जमीन स्वच्छ करून माणसाला आजारी पाडणे आहे.