शेरा : फोनवर कळवले

सायकल स्पर्धा आटोपली, की हौशी रेडिओवाल्यांच्या चौकीवरची नोंदवही एकदा चाळून पाहावी. वेळ, बोलावणारा, उत्तर देणारा, बिब नंबर, निरोप आणि शेवटी शेरा, असे रकाने आखलेले असतात. पहिला तासभर अक्षर सुबक असते. मग शेऱ्याच्या रकान्यात दोन शब्द डोकावू लागतात : ‘फोनवर कळवले’. घाट लागला की ते वाढतात. उन्हे चढेपर्यंत रेडिओच्या नोंदी विरळ होतात, हे दोन शब्द तेवढे नेमाने येत राहतात. समारोपात मात्र दळणवळण चोख झाल्याबद्दल सर्वांचे आभार मानले जातात.

चोख झालेही असेल. पण ते मोबाइल कंपनीचे.

हॅम, म्हणजे ही हौशी रेडिओवाली मंडळी, सुटीच्या दिवशी पहाटे अंधारात उठून, स्वतःचे संच, स्वतःच्या बॅटऱ्या आणि स्वतःचे पेट्रोल घेऊन रस्त्याच्या कडेला उभी राहतात, ती आयोजकांचे फोनचे बिल वाचवायला नव्हे. या कामाचा मोबदला घेता येत नाही. त्यांना हवा असतो सराव. उद्या पूर आला, दरड कोसळली, टॉवर मुके झाले, तर निरोप कसा पोचवायचा याचा सराव. सायकलची शर्यत त्यासाठी फार सोयीची असते. मार्ग लांबलचक, माणसे सतत हलती, वस्ती विरळ. कोणी पडतो, कोणाची चेन तुटते, कुठे पाणी संपते. एखादा पठ्ठ्या कोणालाही न सांगता टेम्पोत सायकल टाकून घरी निघून जातो आणि सगळ्यांत मागची गाडी त्याला तासभर शोधत बसते. आपत्तीतले जवळजवळ सगळे गोंधळ इथे लहान आकारात भेटतात, आणि बहुधा कोणाचा जीव टांगणीला नसतो.

अमेरिकेत हे फार आधी ओळखले गेले. टेक्सासमधल्या विचिटा फॉल्स या गावाने १९८२ साली आपली शंभरी साजरी करताना शंभर मैलांची सायकल फेरी काढली, तीही ऑगस्टच्या शंभर अंश फॅरनहाइटच्या उन्हात. ‘हॉटर एन हेल हंड्रेड’ हे नाव तेव्हापासूनचे. आज हजारो सायकलस्वार त्यात उतरतात. एवढ्या उन्हात बर्फ कुठे संपला, कोणाला भोवळ आली, कोणत्या थांब्यावर डॉक्टर हवा, हे निरोप वाहणाऱ्यांत तिथले हॅम स्वयंसेवक असतात. तिथल्या सरकारी नियमावलीत हौशी रेडिओचे जे हेतू दिले आहेत, त्यांतल्या पहिल्याच कलमात आपत्कालीन दळणवळणाचा खास उल्लेख आहे.

तर मग हा शेरा इतका खटकण्याचे कारण काय?

कारण तो ज्या क्षणी लिहिला जातो, नेमका त्याच क्षणी सराव सुरू व्हायला हवा होता. हातातला संच पाच वॅटचा, त्याला वीतभर रबरी अँटेना. या लहरी साधारण नजरेच्या रेषेत जातात. मध्ये डोंगराची सोंड आली, की आवाज खरखरतो आणि बुडतो. वळणाच्या अलीकडे दहा-वीस पावले सरकले, की कधी कधी तोच आवाज स्वच्छ येतो. नाही आला, तर अँटेना जीपच्या टपावर चढवायची. तेवढ्यानेही भागले नाही, तर वरच्या चौकीला मध्यस्थ करायचे : त्याने ऐकायचे आणि पुढे सांगायचे. हे सगळे दहा मिनिटांत, गाड्यांच्या हॉर्नमध्ये, कानाला हात लावून करायचे असते. शिकायचे ते एवढेच. ते पुस्तकात वाचून येत नाही आणि परवान्याच्या परीक्षेत विचारले जात नाही.

त्याऐवजी खिशातून फोन निघतो. निरोप अर्ध्या मिनिटात पोचतो. वर घसरलेल्या सायकलचा फोटोही जातो. काम झाले. पण त्या वळणावर रेडिओ का पोचत नाही, हे कोणालाच कळत नाही. ती आंधळी जागा नकाशावर येत नाही. पुढच्या वर्षी त्याच वळणावर तोच स्वयंसेवक उभा राहतो आणि तोच फोन काढतो.

पोहणे शिकताना कमरेचा डबा सोडायचाच नाही, असे हे झाले.

फोन कधी साथ सोडतो हे निदान महाराष्ट्राला सांगायला नको. २६ जुलै २००५ ला मुंबईत माणसे हातात फोन घेऊनच अडकली होती. २०२१ च्या जुलैत चिपळूण पाण्याखाली गेले, तेव्हा बाहेरगावचे नातेवाईक नंबर फिरवत बसले होते. टॉवरला वीज लागते. वीज गेली की बॅटरी लागते, आणि बॅटरीलाही अंत असतो. शिवाय सगळ्यांनी एकदम फोन लावले, तर धडधाकट टॉवरही गुदमरतो. १५ एप्रिल २०१३ ला बॉस्टन मॅरेथॉनमध्ये स्फोट झाले, तेव्हा मोबाइल सेवेवर असाच ताण आला. हॅम स्वयंसेवक मार्गावर आधीपासून होते. त्यांचे संच चालू होते.

आपल्याकडचे उदाहरण याहून बोलके आहे. डिसेंबर २००४ मध्ये भारती प्रसाद यांच्या पुढाकाराने एक हॅम पथक अंदमानात गेले होते, ते निव्वळ हौसेने. अंदमानातून प्रक्षेपणाची परवानगी वर्षानुवर्षांनी मिळाली होती आणि जगभरचे हॅम त्या संपर्कासाठी आसुसले होते. २६ तारखेला त्सुनामी आली. अँटेना उभ्या होत्या, हात रोज चालत होते. हौसेचे काम तिथेच थांबवून पथकाने पोर्ट ब्लेअरहून लोकांचे निरोप पोचवायला सुरुवात केली. त्यांनी संच त्या दिवशी पहिल्यांदा उघडले असते, तर काय झाले असते?

यावर ठरलेले उत्तर येते : सायकलस्वाराच्या सुरक्षेशी खेळ नको. अगदी मान्य. कोणी जखमी झाले, तर जे साधन आधी लागेल ते वापरावे, आणि तिथे फोन लागत असेल तर फोनच. त्याबद्दल कोणी चकार शब्द काढणार नाही. पण नोंदवहीतले ते शेरे अपघातांचे क्वचितच असतात. केळी संपली, ट्यूब पाठवा, शेवटचा स्वार अमुक वाजता पुढे गेला, मागची गाडी कुठे आहे, असले ते निरोप. उशीर झाला तर फार तर कोणी पाच मिनिटे उपाशी राहील.

तंत्र वाढले, तशी ही सवयही वाढली. गाडीची जागा रेडिओवरून आपोआप कळवणारी एपीआरएस नावाची सोय हॅमकडे आहे. इंटरनेट नसतानाही ती चालते. ती खूण मात्र बरेच जण पाहतात फोनवर, संकेतस्थळ उघडून. म्हणजे रेडिओने पाठवायचे आणि इंटरनेटने वाचायचे. आयोजकांनाही यात काही वावगे दिसत नाही. भगव्या जाकिटातला, हातात संच घेतलेला स्वयंसेवक छायाचित्रात शोभतो. तो संचावर बोलतो की नाही, हे छायाचित्रात दिसत नाही.

उपाय अवघड नाही, खर्चाचा तर नाहीच. प्रत्येक चौकीवर एकच फोन, चौकीप्रमुखाकडे, तोही जीवाशी गाठ पडली तरच वापरायचा. बाकीचे फोन पिशवीत. निरोप गेला नाही, तर ‘गेला नाही’ असे लिहायचे, आणि वेळेसह जागाही लिहायची. अशी वही दिसायला वाईट दिसेल. समारोपात ती दाखवायला लाज वाटेल. पण उपयोगाची तीच.

पावसाळ्याआधीची शेवटची घाटातली राइड जिथे कुठे असेल, तिथल्या हॅम मंडळींनी आणि आयोजकांनी एवढे करावे. ज्या ज्या वळणांवर रेडिओ पोचला नाही, त्यांची यादी नकाशासह जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाच्या नियंत्रण कक्षात द्यावी, आणि ती ३१ मेच्या आत द्यावी.