स्वतःचा हिस्सा

आमच्या संग्रामपुरात माणूस पळताना दिसला, की त्याची दोनच कारणं असतात. एक तर एसटी सुटत असते, नाही तर पोलीस भरती निघालेली असते. त्यामुळे पासष्टी उलटलेला, चष्मा लावलेला निवृत्त बँक अधिकारी पहाटेच्या अंधारात वरवट बकालच्या रस्त्यानं धापा टाकत चाललेला पाहून पहिल्याच आठवड्यात तिघांनी दुचाकी थांबवली. "काका, काय झालं? कोनी बिमार हाय का घरी?"

प्रश्न तसा बरोबरच होता. बिमार होतंच कुणीतरी.

पूर्णेच्या खोऱ्यातला खारपाणपट्टा अमरावती, अकोला आणि आमचा बुलढाणा अशा तीन जिल्ह्यांत पसरला आहे. इथल्या कित्येक गावांनी पिढ्यान्‌पिढ्या विहिरीचं खारं पाणी प्यायलं. किडनीचा रोगी नाही अशी गल्ली आता काही गावांत शोधावी लागते, आणि लोक बोट दाखवतात ते त्या पाण्याकडेच. मी १९९१ साली याच भागातल्या एका शाखेत शेतीकर्जं पाहत होतो. एका कापूस उत्पादकानं विहिरीसाठी अर्ज केला. मी शेतावर गेलो, पाणी जिभेवर ठेवलं, थुंकलं आणि शेरा लिहिला : 'पाणी खारे, सिंचनास अयोग्य. प्रकरण नामंजूर.' निर्णय नियमाला धरून होता, आजही मी तोच घेईन. पण पिकाला जे पाणी चालणार नाही म्हणून मी लिहिलं, तसलंच पाणी त्या घरातली माणसं पीत होती. आमच्या छापील फॉर्ममध्ये त्याचा रकाना नव्हता, आणि मलाही तो घालावासा वाटला नाही.

तीस वर्षांनी ते खातेदार मला भेटले ते डायलिसिसहून परतताना, एसटीच्या थांब्यावर. आठवड्यातून दोनदा जातात, दर वेळी चार-चार तास यंत्राला जोडलेले. उपचार सरकारी योजनेत फुकट होतात, हे खरं आहे आणि ते सांगायलाच हवं. एसटीतही अशा रोग्यांना सवलत आहे. पण सोबत जाणाऱ्या मुलाची मजुरी बुडते, तिला सवलत नाही. चार तासांनी रक्तदाब खाली येऊन माणूस गळून जातो, तेवढ्यात बस निघून गेलेली असते. मग जीप किंवा रिक्षा करावी लागते. दोन दिवस असे गेले की मजुरी करणाऱ्या घराचा आठवडाच मोडतो. कित्येकजण मग एक फेरी चुकवतात, पुढे दुसरी. रोग वाढतो तो तिथं.

या वरखर्चासाठी तालुक्यातल्या एका नोंदणीकृत संस्थेला पैसे उभे करून द्यावेत, असं मी ठरवलं. आधी नुसताच मागायला गेलो. लोकांनी चहा दिला. मुंबईत असलेल्या मुलीनं तेव्हा तिथल्या मॅरेथॉनची गोष्ट काढली. २००४ साली सुरू झालेल्या त्या शर्यतीत शेकडो माणसं कुठल्या ना कुठल्या संस्थेसाठी देणग्या गोळा करून पळतात. अंतर बेचाळीस किलोमीटर आणि वर एकशे पंच्याण्णव मीटर. हे वरचे मीटर १९०८च्या लंडन ऑलिंपिकपासून चिकटले आहेत. आमच्या व्याजातल्या पैशांसारखे ते काही सुटत नाहीत.

मला सर्वांत जास्त टोचलेला आक्षेप माझ्याच घरातला होता. "अहो, बूट, प्रवेश फी, रेल्वेचं तिकीट, सगळं मिळून जे होईल तेच देऊन टाका ना रोग्यांना! तुमच्या पळण्यानं कुणाची किडनी सुधारणार आहे?" बायकोच्या या हिशोबात चूक काढता येईना. मित्रांचं म्हणणं वेगळं : हे सगळं शहरी लोकांचं फॅड, भल्याचं नाव, फोटोची हौस.

मी त्यावर पुष्कळ विचार केला आणि उत्तर सापडलं ते जुन्या नोकरीत. कर्ज देताना आम्ही अर्जदाराला विचारायचो, तुमचा स्वतःचा हिस्सा किती? मार्जिन मनी. ती रक्कम छोटी असते, तिच्यानं ट्रॅक्टर येत नाही. पण ज्यानं स्वतःचं काहीच घातलेलं नाही, त्याच्या हाती दुसऱ्यांचे पैसे द्यायला बँक कचरते. मागणाऱ्याचंही तसंच आहे. नुसता मागत होतो तेव्हा मी एक पेन्शनर होतो. दीड वर्ष पहाटे चारला उठतो आहे, गुडघ्याला तेल चोळतो आहे, हे गावानं पाहिलं तेव्हा माझा हिस्सा दिसला. आपल्या वऱ्हाडाला हे नवं वाटू नये. गाडगेबाबा गावात आले की आधी हातात खराटा घेत, गाव झाडत आणि मग रात्री कीर्तनाला उभे राहत. धर्मशाळांसाठी लोकांनी त्यांना दिलं, त्यामागे तो खराटा होता.

कॅनडात १९८० साली टेरी फॉक्स नावाचा एका पायाचा कर्करोगी तरुण कृत्रिम पायावर १४३ दिवसांत ५,३७३ किलोमीटर पळाला. त्याचं मागणं होतं देशातल्या प्रत्येक माणसामागे एक डॉलर. रोग फुप्फुसात पसरला म्हणून त्याला थांबावं लागलं, पण मरण्यापूर्वी त्यानं तेवढी रक्कम जमलेली पाहिली. आणि पंजाबचे फौजासिंग २००० साली एकोणनव्वदाव्या वर्षी लंडनची पहिली मॅरेथॉन पळाले, तेही अपुऱ्या दिवसांच्या बाळांसाठी काम करणाऱ्या संस्थेकरता. पुढे शंभराव्या वर्षी टोरंटोत पळाले, तर जन्मदाखला नाही म्हणून गिनेसनं नोंद नाकारली. आयुष्यभर लोकांना कागदपत्रांसाठी परत पाठवलेल्या माझ्यासारख्यानं यावर काय बोलावं?

बायकोचा आक्षेप मात्र मी अर्धा मान्य केला. पळण्याचा एकही रुपया देणग्यांतून घ्यायचा नाही, बूट पेन्शनमधून. जो धावक देणगीच्या पैशांनी मुंबई पाहून येतो, त्याच्याबद्दल माझ्या मित्रांचं मत तेच माझं. देणग्या थेट संस्थेच्या खात्यात, प्रत्येकाला पावती, आणि जमाखर्च संस्थेच्या दारात फळ्यावर. आणखी एक. या पळण्याला पाण्याचा पर्याय समजणाऱ्यांनी मला हार घालू नयेत. वान धरणाचं गोडं पाणी नळानं गावोगाव आणायची योजना आहे, ते पाणी प्रत्येक घरात रोज पोचवणं हे सरकारचं काम आहे आणि ते मागताना मी पळणार नाही, ठाण मांडून बसेन.

मला शिकवलं ते भरतीच्या पोरांनी. त्यांची शर्यत सोळाशे मीटरची. "काका, पाऊल आपटू नका. खांदे ढिले सोडा." बेचाळीस किलोमीटर ऐकून एकजण म्हणाला, "येवढं पळल्यावर नोकरी तरी लागते का?" त्याच पोरानं पहिली पावती फाडली, वीस रुपयांची.

शर्यतीबद्दल फार सांगण्यासारखं नाही. तिसाव्या किलोमीटरनंतर पाय माझे राहिले नव्हते. पेडर रोडचा चढ मी चालत चढलो. अनोळखी बायका-पोरं रस्त्याच्या कडेला उभी राहून नावानं हाका मारत होती, संत्र्याच्या फोडी पुढे करत होती. सहा तासांहून जास्त लागले. गळ्यात पदक आलं. तेव्हा मला त्या यंत्राची आठवण झाली. तिथले चार तास आठवड्यातून दोनदा, कुणी टाळ्या वाजवत नाही, आणि शेवटची रेघ कुठे आखलेली आहे ते कुणी सांगत नाही.

परत आल्यावर त्यांच्या घरी गेलो. पदक त्यांनी हातात घेतलं, वजन पाहिलं, नातवाच्या गळ्यात घातलं. जमलेली रक्कम मी सांगितली. त्यांनी मान हलवली. १९९१चा तो अर्ज त्यांना आठवत असावा, मला तरी तसं वाटतं. आजवर त्यांनी तो कधी काढलेला नाही. मग बराच वेळ गप्प बसून त्यांनी विचारलं, "साहेब, येवढ्या लांब पळता, तं रस्त्यानं पानी देतात का?"

"देतात की. जागोजागी टेबलं मांडलेली असतात."

"गोडं?"