'जयभीमवाले' म्हणजे नेमके कोण?

भाड्याची खोली बघायला गेलो की आधी आडनाव विचारतात. त्यावरून अंदाज आला नाही तर गाव विचारतात. तरीही पत्ता लागला नाही की आवाज खाली आणून विचारतात, "तुम्ही जयभीमवाले का?" हो म्हटले की ती खोली 'कालच दुसऱ्याला दिलेली' असते.

'जयभीम' या अभिवादनाचे श्रेय कामठीच्या बाबू हरदास एल. एन. यांना दिले जाते. वाकून 'जोहार मायबाप' म्हणायला लावलेल्या समाजाने ताठ मानेने एकमेकांना भेटावे, यासाठीचा हा शब्द. त्याला 'वाले' चिकटवले आणि त्याचे जातीचे टोपणनाव केले. जातीचे नाव घेऊन चारचौघांत शिवीगाळ केली तर १९८९ च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्याखाली गुन्हा होतो. 'जयभीमवाले' म्हटले की जातही कळते आणि 'आम्ही कुठे जात काढली?' म्हणायची सोयही राहते.

'हरिजन'चेही तेच. गांधीजींनी हे नाव रूढ केले, पण ज्यांना दिले त्यांना विचारले नाही. १९३८ मध्ये मुंबई विधिमंडळात हा शब्द कायद्यात आणला गेला, तेव्हा बाबासाहेबांनी विरोध केला आणि आपल्या पक्षाच्या सदस्यांसह सभात्याग केला. पुढे हे गोड नाव शिवीसारखे वापरले गेले. २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही ते अपमानास्पद असल्याचे म्हटले.

आणि 'सरकारी जावई'? आरक्षण हा संविधानाने दिलेला प्रतिनिधित्वाचा हक्क आहे, सासरचा पाहुणचार नाही. सासरी जाऊन गटारात उतरणारा जावई कोणी पाहिला आहे का?

मग नाव बदलून प्रश्न सुटतो का? २०२० मध्ये राज्य सरकारने वस्त्यांची जातीवाचक नावे बदलण्याचा निर्णय घेतला, ते योग्यच झाले. पण पत्ता 'भीमनगर' सांगितला तरी समोरच्याच्या कपाळावर आठी पडतेच. मळ शब्दात नाही, बघणाऱ्याच्या नजरेत आहे.

आमची तक्रार आमच्या माणसांबद्दलही आहे. ऑफिसात मित्राचा फोन आला की आपलेच शिकलेले लोक 'जयभीम' पुटपुटतात, नाहीतर नुसतेच 'हां, बोल' म्हणतात. त्यांची भीती आम्हाला कळते. खोली आम्हीही गमावली आहे. पण 'हरिजन' आपल्यावर लादलेले नाव होते, ते आपण फेकले. 'जयभीम' आपले आहे, ते लाजून टाकायचे नाही. पुढच्या वेळी कोणी विचारले, "जयभीमवाले का?", तर खणखणीत आवाजात सांगा: हो. जयभीम!